चुंबळीवरचं पोतं

कंबर दुखली की मला आमचा ओटा आठवतो आणि मग ती. ती म्हणजे आमच्या वैशाखरे गावातलीच माझी लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी पोलीस भरतीची तयारी करत होतो. शिकवणारे सर मुरबाडला. ती तिथल्याच एका दुकानात कामाला होती, म्हणून रोज त्यांच्याकडे जायची. मी घरची शेती सांभाळून फक्त रविवारी.

माझं पळणं चांगलं, पण शेवटच्या शंभर मीटरला पाय ढिले पडायचे. "बैठकीचे स्नायू कमी पडतायत," सर म्हणाले. आम्ही दोघी खुदकन हसलो. गावात त्या जागेला आम्ही जे म्हणतो, ते सरांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

त्यांनी व्यायाम दाखवला. बाकाच्या कडेला खांदे टेकवायचे, जांघेवर वजन घ्यायचं आणि टाचा रोवून कंबर उचलायची. घरी बाक नव्हता, ओटा होता. वजन म्हणून भाताचं पोतं घेतलं आणि ते टोचू नये म्हणून खाली हंड्याची कापडी चुंबळ. मैत्रीण रोज संध्याकाळी यायची, पोतं चढवून द्यायची, मोजायची.

महिनाभरात कंबर ठणकायला लागली. आमच्याकडे आवणीत दिवसभर वाकून भाताची रोपं लावताना कंबर धरली नाही, तर काम केलं असं कुणी मानतच नाही. मला वाटलं, व्यायाम लागू पडतोय. तरी तिला म्हटलं, माझा व्हिडिओ काढ नि सरांना दाखव. माझा फोन साधा, बटणांचा, आणि शेतीच्या कामापायी चाचणीपर्यंत मला रविवारीही मुरबाडला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर बोलले, एकदम मस्त. वजन वाढव गो, काय नाय होत."

मी वाढवलं.

मैदानी चाचणीत आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीला कंबरेत अशी चमक भरली की मी मातीतच बसले. ती निवडली गेली. तिचा पेढा मी मनापासून खाल्ला. त्याचाच आता सगळ्यात जास्त संताप येतो.

पुढे कधीतरी सर मुरबाडच्या बाजारात भेटले. "तुला निरोप दिला होता ना? वर जाताना तू पाठीची कमान करतेस. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ आली की थांबायचं, हनुवटी खाली, जोर मागच्या स्नायूंवर. ते जमेपर्यंत वजन बंद, असं सांगितलं होतं मी."

ती सुट्टीवर आली तेव्हा तिच्या दारात जाऊन विचारलं. ती खोटं बोलली नाही. "तू कायम माझ्यापुढं पळायचीस," म्हणाली. "एकदा तरी मागं राहावीस, असं वाटलं. एवढं होईल वाटलं नाय गो."

शिव्या द्यायला गेले होते. पण मला तिचे हात दिसत होते. पोतं चढवताना ती आधी चुंबळ नीट सारखी करायची, मग दोन्ही हातांनी ते अलगद टेकवायची आणि दर वेळी विचारायची, "लागत नाय ना?"