आईनं मारलेला मुटका

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी, तेही नेमकं सांगते: तिच्या सातवीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, सोनाळ्याच्या अलीकडे तिच्या वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीवर. केला तिच्या वडिलांनीच, म्हणजे माझ्या आजोबांनी. ते रागावले नाहीत, ओरडलेही नाहीत. विहिरीच्या काठावर उभं राहून एवढंच म्हणाले की आता बस झालं, मोठी झालीस, उद्यापासून पाण्यात उतरायचं नाही. आई वर आली, तिनं केस पिळले आणि विषय संपला.

हे मला कळलं गेल्या हिवाळ्यात, मालवणच्या समुद्रात, एका होडीत. माझं वय सव्वीस. सव्वीस वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, आणि तिला पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी बुलढाण्याला असते. वकिली शिकते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यातलंच, पण आईच्या माहेरासारखं सातपुड्याच्या पायथ्याशी नाही. खाली, खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ वगैरे नाही, सरळ खारट आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि माणसांची मूत्रपिंडं जातात. त्याविरुद्ध आम्ही काही जण ओरडत असतो. पत्रकात कोणावर, कधी, कोणी हे पहिल्याच ओळीत लिहायचं, ही सवय तिथली. आईबद्दल लिहायला बसले तरी हात तसाच चालला.

सहलीची कल्पना माझी. आईबाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आईच्या धाकट्या भावाला, मामाला, सोबत घेतलं, कारण मामा असला की बाबा जरा बोलतात. दीड दिवस गाड्या बदलत मालवणला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची होडीची सहल ठरवली. सकाळी आठला निघायचं, दोन बेटं बघायची, मग किल्ल्याच्या मागच्या खडकांजवळ होडी थांबवायची. तिथं डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा चढवून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. दुपारी साडेबाराला परत.

किनाऱ्यावर होडीवाल्यानं एक कागद पुढे केला. नाव, वय, पाण्यात उतरणार का. चौघांचं मीच भरलं. माझ्यापुढे हो. मामापुढे हो, कारण येताना सगळ्या वाटेत त्यानं स्वतःच्या पोहण्याच्या बढाया मारल्या होत्या. बाबांपुढे नाही, आपल्याला पाण्याची भीती वाटते हे ते आपणहून सगळ्यांना सांगतात. आणि आईपुढे नाही. आई माझ्यापासून हातभर अंतरावर चौघांच्या चपला पिशवीत भरत होती. मी तिला विचारलं नाही. बायकांच्या वतीनं दुसरेच कसे बोलून मोकळे होतात, यावर मी तासभर भाषण करू शकते. केलेली आहेत. तरी विचारलं नाही. कागद पाहून होडीवाल्यानं चष्मे दोनच घेतले.

पहिलं बेट म्हणजे नुसता उघडा खडक, त्यावर पांढरे पक्षी. तिथं उतरता येत नव्हतं, होडीनं फेरी मारली. आईनं माझा पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणीला तीन ठिकाणी पिना. फेरी होईपर्यंत तिचा हात काठावरून पाण्यात होता. मी बाबांचे फोटो काढत बसले, कारण ते होडीची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मामा त्यांना विचारत होता की भाऊजी, दांडी घरी न्यायची का.

दुसरं बेट वाळूचं. तिथं उतरलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आई हात धुवायला म्हणून पाण्यात गेली. गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. मी ओरडले, आई, पुढं जाऊ नको. ती लगेच परत आली. किती लगेच आली, याचा विचार मी नंतर केला. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मग खडकांजवळ आलो. होडीवाल्यानं नांगर टाकला. तो स्वतःच पाण्यात उतरून शिकवत होता, होडीत त्याचा जोडीदार राहिला. मी आणि मामा जाकिटं घालून शिडीनं खाली उतरलो. नाक चष्म्याच्या आत असतं, श्वास तोंडानं घ्यायचा, नळी दातांत धरायची. मला दोनतीनदा करून जमलं. मामाला जमेना. आमच्याकडं विहिरीत पोहणारा माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो: तोंड पाण्यात गेलं की श्वास बंद. मामानं चाळीसेक वर्षांच्या सवयीनं श्वास कोंडला, मग कोंडवेना तेव्हा नळीच तोंडातून काढली आणि खाऱ्या पाण्याचा मोठा घोट घेतला. खोकला, ठसका, हात चारी दिशांना. जाकीट होतं, बुडणार नव्हता, पण घाबरला. होडीवाला माझ्या बाजूला होता, त्याला पोचायला वेळ लागला असता.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"पाय मार बे. हात सोड, पाय मार. इकडं पाह्य, माह्याकडं."

आई होडीच्या काठावर ओणवी झाली होती. आणि टक्कल पडलेला, दोन पदवीधर पोरांचा बाप असलेला माझा मामा तिच्याकडं बघत पाय मारायला लागला. सरळ शिडीपाशी आला.

आईला हे कसं माहीत, असं मी विचारलं तर खोकत खोकत मामाच म्हणाला की त्याला पोहायला अक्कानंच शिकवलं. मग शिडीला लटकून त्यानं सांगितलं, आणि मजेची गोष्ट म्हणून सांगितलं. त्यांच्या मळ्यात पोरांना शिकवायचं तर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाला डाग देऊन हवाबंद केलेला, पाठीला बांधायचा. आईचा डबा दुसरीतच सुटला होता. काठावरून गुडघे पोटाशी घेऊन, नाक धरून, गोळा होऊन पाण्यात पडायचं, याला मुटका म्हणतात. ज्याचं पाणी जास्त उंच उडेल तो मोठा. तिच्या मुटक्याचं पाणी विहिरीबाहेर यायचं. सातवीच्या परीक्षेच्या दिवसांत ती मामाला शिकवत होती, तो सहा वर्षांचा, पाठीवर डबा, अर्धा शिकलेला. आणि आजोबा काठावर आले. दुसऱ्या दिवसापासून आई पाण्यात उतरली नाही. काठावर उभी राहून नुसत्या आवाजानं तिनं मामाला तो उन्हाळाभर शिकवलं. पाऊस लागायच्या आत त्याचा डबा सुटला.

मामा हसला, आई हसली. मला हसू येईना. मी आईला विचारलं की त्यानंतर कधीच नाही का.

"कुठं पोहू?" ती म्हणाली. "आपल्या घरची विहीर खारी, अन् तुही आजी तिच्याहून."

परत निघायला अर्धा तास उरला होता. मी होडीवाल्याला म्हटलं की माझा चष्मा आईला द्यायचा, ती उतरणार आहे. तो म्हणाला, कागदावर तर ‘नाही’ लिहिलंय, वयही झालंय, कशाला. मामा म्हणाला, अक्का नको, माझंच काय झालं पाहिलं ना. आणि मी काय केलं? मी बाबांकडं बघितलं. त्यांना विचारलं, बाबा, उतरू द्यायचं का आईला?

बाबांनी दांडीवरचा एक हात सोडला.

"मले काऊन इचारून राह्यली? तिले इचार ना."

मग मी तिला विचारलं. आई, उतरतेस?

तिनं ओढणीच्या पिना काढल्या, एकेक करून ओढणीच्या टोकाला टोचल्या, ओढणीची घडी केली, घडीवर स्वतःचा रोजचा चष्मा ठेवला आणि सगळं बाबांच्या मांडीवर दिलं. जोडीदारानं तिला जाकीट घातलं. होडीवाल्यानं खालून समजावलं की शिडीनं सावकाश उतरायचं, आवाज करायचा नाही, आत्ताच कुठं मासे जमलेत. तिनं मान डोलावली. शिडीपर्यंत आली. शिडी ओलांडून पुढं काठावर गेली, डाव्या हातानं नाक धरलं, आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत मुटका मारला.

पाणी बाबांपर्यंत उडालं. मासे गेले. सगळे. शेजारच्या होडीतून कोणीतरी ओरडलं. आमचा होडीवाला मालवणीत जे बोलला ते मला समजलं नाही, ते बरंच झालं.

आई बुचासारखी वर आली. तोंडावरचे केस बाजूला केले, पाणी थुंकली आणि बाबांना म्हणाली, "आहो, हे तं आपल्या घरचंच पाणी हाये."

मग जाकीट ओढून बघितलं आणि हा डबा लयच मोठा आहे, काढा म्हणाली. होडीवाल्यानं साफ नाही म्हटलं. त्या एका गोष्टीत मी त्याच्या बाजूची.

ती पोहू लागली. हात आधी अडखळले, मग लागले. आणि मला दिसलं की ती गोल पोहते आहे. चार हात पुढे, डावीकडं वळण, पुन्हा चार हात, पुन्हा वळण. तिच्यापुढं अख्खा समुद्र होता, आणि ती तिच्या बापाच्या विहिरीच्या मापात फिरत होती. भिंत जिथं असायची तिथं तिचं अंग आपोआप वळत होतं. माझ्या अगदी ओठांवर आलं: आई, सरळ जा, इथं भिंत नाही. मी तोंड मिटलं. सकाळपासून तिला बरंच सांगून झालं होतं माझं. दुसरी फेरी झाली. तिसरीत ती वळायच्या जागी थांबली, हात पुढं करून पाणी चाचपलं, आणि मग सरळ गेली. तिच्या जाकिटाला बांधलेली, होडीवाल्यानं धरलेली दोरी ताणेपर्यंत सरळ.

मासे थोड्या वेळानं परत आले. मी माझा काचेचा चष्मा तिला चढवला. नळी तिनं तोंडात घेतलीच नाही. मोठा श्वास घ्यायचा, चष्मा लावलेलं तोंड पाण्यात घालायचं, दम संपला की वर. प्रत्येक वेळी वर आली की ती बाबांना खबर द्यायची. निळे आहेत. पट्ट्यापट्ट्यांचे आहेत. एक तर माझ्याकडंच पाहून राह्यला. बाबा काठावरून वाकून बघायचे, एका हातात दांडी, दुसऱ्या हातात तिचा रोजचा चष्मा, आणि म्हणायचे की हो, दिसते, दिसते. त्यांना काही दिसत नव्हतं. वरून नुसतं चमकणारं पाणी दिसतं.

होडीवाल्यानं शिट्टी मारली. आई आली नाही. त्यानं पुन्हा शिट्टी फुंकली. मी हाक मारणार, तर ज्यांना सकाळपासून कधी एकदा जमीन लागते असं झालं होतं ते बाबा जोडीदाराला म्हणाले, "थांबा हो जराक. घाई कायची हाये?"

दहाएक मिनिटं मिळाली. ती पुरली असं मी म्हणणार नाही.

परतताना ती टॉवेल गुंडाळून बसली होती, ओठ निळे पडलेले, बोटं सुरकुतलेली. मी तिला त्या कागदाबद्दल सांगितलं. तिच्या नावापुढं ‘नाही’ मीच लिहिलं होतं म्हणून.

"तुले कोण सांगतलं, मले येत नाही म्हणून?"

कोणीच नव्हतं सांगितलं. ती चिडलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तराऐवजी मी आजोबांवर घसरले. असा कसा बाप, वगैरे. हे मी लिहिणार, म्हटलं, पत्रकात लिहितात तसं लिहिणार. आईनं मला बोलू दिलं. मग उरलेल्या दशमीचे चार तुकडे करत म्हणाली, "लिह्य. पण नाव नको लिहू त्यायचं. माणूस चांगला होता."

म्हणून नाव लिहिलेलं नाही. चांगला होता हेही खोटं नाही. मला सायकल त्यांनीच शिकवली. चांगली माणसं हे करतात, न ओरडता करतात, म्हणून तर वर येणारी पोर भांडत नाही. मीही चांगलीच मुलगी आहे, आणि मीही केलं.

आजोबा गेले. त्यांच्याकडं मागणी करून काही उपयोग नाही, म्हणून तुमच्याकडं करते. तुमच्या घरात एक बाई आहे आणि तिच्या वतीनं तुम्ही उत्तरं देता. ते बंद करा. आज तिच्यासमोर बसा आणि विचारा की तिला काय काय येत होतं, आणि कोणी, कोणत्या दिवशी थांबवलं. ती आठवत असेल तेवढा वेळ मधे बोलू नका. मग तिला तिथं घेऊन जा, विहीर असो, धरण असो, समुद्र असो. याच उन्हाळ्यात न्या, आणि पोचल्यावर तिला वाट द्या.