नातीचे तीन अर्ज आणि माझी शेळी

"नाई घेतलं," नात म्हणाली आणि तिने फोन मेथीच्या ढिगावर फेकला.

दुसऱ्यांदा नाही घेतलं. आता एकच संधी उरली होती, तीही कोजागिरीपर्यंत. त्यानंतर गटाचं दार बंद. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मी तिला गप्प केलं असतं. ती नुसती मेथीच्या जुड्या बांधत बसली, आणि सुतळी इतकी आवळायला लागली की देठं तुटली.

"मेथीनं काय केलं व तुयं?" मी म्हणाले. "उद्या तुयी माय बाजारात हे तुटके देठ इकीन का?"

"आजी, तू गप राह्य."

मी गप्प राहणारी बाई नाही.

हा खेळ काय आहे ते समजायला मला वेळ लागला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण समजलं. फोनवर पंधरा-वीस जणांचा एक गट असतो. त्यांनी मिळून मनानं एक गाव उभं केलेलं. नदीकाठचं गाव, मागं टेकडी, टेकडीवर पडका किल्ला. प्रत्येकाने त्या गावातलं एक माणूस व्हायचं आणि त्या माणसासारखं बोलायचं. सगळं लिहून. एक जण वैद्य आहे, एक लोहार, एक घरून रुसून आलेला राजाचा मुलगा, एक मुलगी होडी चालवते. पण आत जायचं तर आधी अर्ज. आपलं माणूस कोण, कसं, कुठून आलं, ते लिहून पाठवायचं. गटाची प्रमुख मुलगी तो अर्ज वाचते आणि हो की नाही ते कळवते. तीनदा नाही झालं की संपलं.

होडी चालवणारी मुलगी म्हणजे नातीची बालवाडीपासूनची मैत्रीण. वडिलांची बदली झाली म्हणून ते सगळे नागपूरला गेले. आधी दोघी रोज फोनवर बोलायच्या, मग आठवड्यातून एकदा, मग ती नुसतंच ‘कामात आहे’ लिहायची. तिचं काम म्हणजे हे गाव. रोज संध्याकाळी ती तिथं होडी चालवत असायची. नातीला खेळाचं वेड नव्हतं. मैत्रीण जिथं असते तिथं तिला जायचं होतं, एवढंच.

"वाच बरं तुयं काय होतं ते," मी म्हणाले.

तिने पहिला अर्ज वाचला. तिची पोरगी सतरा वर्षांची. डोळे निळे. तलवार चालवते, घोडा पळवते, जखमेवरून हात फिरवला की जखम भरते, वाघाशी बोलते. आई, बाप, भाऊ, काका, सगळे आगीत गेलेले.

"सगळे?"

"हाव."

"एक आत्या तरी ठेवाची. इतक्या लोकाईले जाळून तुले काय भेटलं?"

"त्यानं दुःख येते आजी त्या पोरीत."

"दुःख कुठी आहे? ते तर वाघासंग गप्पा मारून राह्यली."

प्रमुख मुलीने उत्तरात लिहिलं होतं की तुमच्या पात्राला कोणाची गरजच नाही, मग बाकीच्यांनी काय करायचं? मला ते पटलं. म्हणून नातीने दुसऱ्या अर्जात एकदम उलटं केलं. ही पोरगी दुःखी. कोणावर विश्वास नाही, कोणाशी बोलत नाही, अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत नाही. त्यावर आज उत्तर आलं होतं: ती बोलतच नसेल तर तिच्याशी खेळायचं कसं?

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले. "घरात कोंडून बसाचं होतं तं गावात गेली कायले?"

नात चिडली. "लय समजते ना तुले? मंग तू भर अर्ज. भरून दाखव."

भरला, माझ्या नावाने, म्हणजे तिची उरलेली संधी तशीच राहिली. मला काय भीती होती? मी सांगितलं, तिने फोनवर टिपून घेतलं. माझी बाई साठीची, तिचं चाळीस एकर रान, दोन विहिरी, दोन्हींना बारमाही पाणी. सून उलटं बोलत नाही. इथं नात खोकली, मी लक्ष दिलं नाही. मग मी विचारलं की त्या गावात कोण कोणाचं कोण लागतं? नात म्हणाली, कोणी कोणाचं नाही लागत. मला ते गाव फार विचित्र वाटलं. आमच्याकडे नवीन माणूस दिसलं की आधी विचारतात, कोठचं? कोणाचं? माहेर कुठलं, मामाचं गाव कुठलं, हे कळल्याशिवाय त्याला पाणीही धड घोटभर मिळत नाही. कोणी कोणाचं नाही, तर ही माणसं एकमेकांशी बोलतात तरी कशाला? मी ते ठीक करून टाकलं. वैद्य हा माझ्या बाईचा दीर. लोहार तिच्या नांदुऱ्याच्या मावशीचा जावई. होडीवाली भाची. राजाचा मुलगा रुसला कारण माझ्या बाईने त्याला लहानपणी रागावलं होतं.

उत्तर तासाभरात आलं. नातीने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि हसून हसून तिला पुढचं वाचता येईना. प्रमुख मुलीने लिहिलं होतं, आजी, तुम्ही आमच्या सगळ्यांची पात्रं तुमच्या घरात नेऊन बांधली, ती आता परत द्या. आणि नांदुरा आमच्या नकाशात नाही.

"नांदुरा नाई?" मी म्हणाले. "मंग रेल्वे कुठी थांबते?"

त्यावर सूनही हसली. ती वांग्याच्या क्रेटी रचत होती. "मामीजी, उलटं न बोलणारी सून होती म्हणून नाई घेतलं. खोटं आहे हे त्याईले समजलं."

आमच्या घरात त्या दिवसांत एवढं कोणी हसलं नव्हतं. पण अर्ज काही झाला नव्हता. मैत्रीण तिकडे होडी चालवत होती आणि नात इकडे मेथी बांधत होती.

दिवस भुलाबाईचे होते. गल्लीतल्या लहान पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात, आणि गाणी झाली की ज्या घरी आल्या त्या घरचा खाऊ ओळखायचा असतो. खाऊ डब्यात बंद. डबा कानाशी हलवून दाखवायचा. खडखडतं का, सळसळतं का? मग पोरी विचारतात, गोड की तिखट? भाजलेलं की तळलेलं? ओळखेपर्यंत नुसता गोंधळ. त्या संध्याकाळी पोरी आमच्याकडे आल्या. मी डब्यात फुटाण्यात गूळ घालून ठेवला होता. डबा हातात घेतला, अजून हलवलाही नाही, तोच शेजारची चिमुरडी ओरडली, "फुटाणे हायेत! म्या पाह्यले भरताना!"

झालं. खेळ संपला. बाकीच्या पोरी तिच्यावर अशा तुटून पडल्या की मला टिपऱ्या हिसकावून घ्याव्या लागल्या. फुटाणे सगळ्यांनी खाल्ले, पण तोंडं वाकडी करून. मोठी म्हणाली, "आता काय मजा?"

नात दारात उभी राहून हे बघत होती. पोरी गेल्यावर ती माझ्या हातातला रिकामा डबा घेऊन खाली बसली.

"आजी, म्या डबा उघडाच ठेवला होता."

"कोणता डबा?"

"अर्जात. कोण मेलं, कशी मेली, ते पुढं काय करीन, कोणाले मारीन, सगळं लेहून टाकलं. त्याईले इचाराले काही ठेवलंच नाई. अन् दुसऱ्या खेपेले डबा होता, पण तो हलोलाच नाई."

हे तिचं तिला सुचलं. मी त्यात काही केलं नाही, फुटाणे सोडून.

तिसरा अर्ज तिने तिथंच बसून लिहिला. एवढासा. एक पोरगी होडीने नदी ओलांडून गावात येते. पाण्याला घाबरते, म्हणून होडीवालीचा हात सोडत नाही. तिला राहायला जागा पाहिजे. स्वयंपाक येतो, पण वाईट. जवळ एक बंद पेटी आहे आणि एक शेळी आहे. पेटीत काय आहे ते अर्जात नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुलेही नाई सांगणार."

आई-बाप आहेत का, एवढं तरी विचारलं. "आहेत. तिच्यावर रागावले आहेत."

"हे बरं केलं," मी म्हणाले.

कोजागिरीला, दूध आटत असताना, उत्तर आलं: घेतलं. खाली एक प्रश्न होता, शेळी कोण खेळणार? नातीने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, माझी आजी. उत्तर आलं, शेळीला नातेवाईक नसतील आणि ती बोलणार नसेल, तर चालेल.

त्या रात्री नागपूरहून फोन आला, लिहिलेला नाही, खरा. दोघी अंगणात बोलत बसल्या, म्हणजे एक अंगणात आणि एक नागपुरात, आणि दुधावर साय धरून ते थंड झालं तरी नातीला भान नव्हतं. मी तिचं दूधही पिऊन टाकलं.

तेव्हापासून संध्याकाळी मी शेळी असते. काम सोपं आहे. नात विचारते, शेळी काय करून राह्यली? मी सांगते. शेळीने वैद्याची औषधी खाल्ली. शेळीने राजाच्या मुलाचा शेला चघळला. त्याने फार मोठं रागावून लिहिलं, शेळी त्याच्याकडे बघत राहिली.

दिवाळीनंतर प्रमुख मुलीने गावात पूर आणला. ज्याने त्याने आपलं माणूस कसं शूर आहे ते लिहिलं. राजाचा मुलगा पोहण्यात पटाईत होता, तो पाण्यात उतरला. लोहार भट्टी सोडेना. वैद्य लोकांना वाचवायला गेला. नात हात चोळत म्हणाली, "आजी, मायी पोरगी तं पाण्याले भेते. काय करू व?"

"शेळी दावं तोडून टेकडीवर पळाली," मी म्हणाले. "लेह्य."

तिची पोरगी शेळीच्या मागे धावली. होडीवाली तिचा हात सोडेना, तीही गेली. किल्ल्याच्या भिंतीवर बसून त्यांनी खाली पाणी चढताना आणि सगळे शूर एकेक करून वाहून जाताना पाहिले. पेटी त्यांच्याजवळ होती, अजून बंद.

पुरातून तिघीच वाचल्या: नागपूरची होडीवाली, नातीची पोरगी आणि मी.