पाण्याखाली ऐकू आलेला डबा

इथे लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी वाचते करमणूक म्हणून. खरे वाटले म्हणून कधीच नाही. माझं कामच असं आहे, की पाण्याखाली भास झाला तर आधी सिलिंडरमधली हवा बघायची, मग खोली, मग स्वतःचा श्वास... भूतबित त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलूची. घरी भाजीची शेती. वांगी, कोबी, पालक, जे निघेल ते सेलूच्या नाहीतर वर्ध्याच्या बाजारात जातं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी समुद्र पाहिलेला नाही. मी मात्र स्कूबा डायव्हिंगच्या नादाला लागले आणि आता काही वर्षं कोकणात पर्यटकांना पाण्याखाली नेते. आई शेजारणींना सांगते, "पोरगी लोकायले समुद्रात पोहणं शिकोते."

गोष्ट मागच्या वर्षीची, पावसाळा संपून पाणी निवळल्यावरची. गावाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांचं पोट पर्यटकांवर आहे. तिथे डोंगराचं एक खडकाळ टोक थेट समुद्रात घुसलंय. एक बाजू आडोशाची, दुसरी अगदी उघडी... खुल्या समुद्राच्या लाटा तिथे सरळ येऊन आपटतात. टोकाखाली पाण्यातले खडक आणि मासेच मासे. पर्यटकांना तिथे न्यावं का, हे ठरवायला मी आणि माझा सहकारी निखिल आधी उतरून बघणार होतो.

सगळं नियमाने केलं. दिवस शांत निवडला. सकाळीच आडोशाच्या बाजूने उतरलो. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमून परतताना पाणीच आपल्याला आणून सोडतं. खडकापासून अंतर ठेवायचं. पाण्याचा हेलकावा वाढला की टोकाला वळसा घालायचा नाही, मागे फिरायचं. बोटवाले दामूकाका बोट लांब उभी करून, इंजिन बंद ठेवून थांबले.

खाली पाणी स्वच्छ होतं. निखिल माझ्या डाव्या हाताला, अगदी बरोबरीने. टोकाजवळ दोन खडकांमध्ये एक अरुंद घळ दिसली, उघड्या बाजूला निघणारी. आत उजेड होता, पाणी स्थिर होतं. मी निखिलला हाताने विचारलं, जायचं? त्याने ओके दिला.

इतका वेळ पाय मारून मारून पुढे जावं लागत होतं. घळीच्या तोंडाशी मात्र कष्ट एकदम संपले. पाठीवर हलकासा रेटा येत होता. बरं झालं, असंच वाटलं मला तेव्हा.

आणि डबा वाजला.

आमच्या वावरात रानडुकरं येतात, रोही येतात — रोही म्हणजे नीलगाय. बाबा तेलाचा रिकामा डबा काठीने बडवतात. दोन ठोके सावकाश, मग घाईघाईत तीन. ती लय मी लहानपणापासून ऐकलीय, चुकणं शक्य नाही. पाण्याखाली आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. हा मात्र सरळ मागून येत होता.

मी थांबले. परत फिरायची खूण केली. निखिलने हवेचा काटा दाखवला, भरपूर शिल्लक होती. पण आमच्यात एकाने फिरायचं म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नसतं. आम्ही वळलो.

आडोशाला पोचतोय तोच आख्खा समुद्र हलला. मागे बघितलं तर घळ दिसतच नव्हती, नुसता पांढरा फेस. आम्ही इतक्या लांब होतो तरी पाण्याने आम्हाला पाळण्यासारखं मागेपुढे फेकलं.

वर आलो तर दामूकाकांचा चेहरा उतरलेला. "कुठून आल्या काय माहीत," ते म्हणाले, "लागोपाठ मोठ्या लाटा. मी बोट बाहेर काढली, म्हटलं तुम्ही गेलात."

निखिलने काही ऐकलं नव्हतं. माझ्या फोनवर आईचे मिस्ड कॉल होते, मी उलट फोन लावला.

"तुह्या बाबाले काय झालं मालूम नाई," आई म्हणाली. "सकाळीच वावरात डबा बडवून राह्यले होते. ना डुक्कर, ना रोही. काऊन वाजवता म्हटलं, तं आनखी जोरानं बडवाले लागले. हात सोलून घेतला."

मी घडलेलं तिला सांगितलं नाही. उगाच काळजी. घरात कोणालाच सांगितलं नाही.

दिवाळीला सेलूला गेले. बाबा वांगी तोडत होते, मी शेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, त्या दिवशी मला बोलावत होतात का?"



"तुले नोतो बोलवत," ते म्हणाले. "माणसाले कोनी डबा वाजवून बोलवते का, बाई? डबा हाकलायले असते."

"मग कोणाला हाकलत होतात?"

"मले नाई समजलं काय होतं ते. तू गोट्या-दगडाच्या फटीत शिरून राह्यली होती. अन् ते मांगून लोटून राह्यलं होतं तुले."

त्यांनी टोपली उचलली आणि पुढच्या ओळीत गेले.

निखिल म्हणतो, अशा घळींच्या तोंडाशी प्रवाह उलटा फिरतो, मागून रेटा येतोच. बरोबर आहे, मीही शिकवताना हेच सांगते. आवाज म्हणजे मनाचा खेळ, हेही धरू. पण सेलूच्या वावरात उभ्या असलेल्या, समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसाला ती फट कशी दिसली?

त्या टोकावर आम्ही कोणाला नेत नाही. लाटांमुळे, असं सांगतो, आणि ते खोटं नाही. बाकी ठिकाणी मी रोज उतरते, पण पाण्यात पूर्वीसारखं स्वस्थ वाटत नाही. परवा एक पर्यटक वर आल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही सारखं मागे वळून काय बघत होतात?"

मी म्हटलं, मासे.