दहा वाढपी आणि तुपाची तपेली

माझ्या साडूंना, म्हणजे आमच्या भाऊजींना, साधा चहासुद्धा दुसऱ्या चहाशी ताडून पाहिल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. असा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसावा. ते इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि अकरा वर्षं पीएच.डी. करत होते. विषय, गुप्त मजकूर कुलूपबंद करणाऱ्या चिपचा. कुलूप लावायला आणि उघडायला किल्ली एकच, पण मजकूर दहा वेळा घुसळावा लागतो. आता चिपवर घुसळणारा एकच कप्पा ठेवून मजकूर त्यातूनच दहादा फिरवायचा, की दहा कप्पे ओळीने मांडून पुढे पुढे सरकवायचा? पहिल्यात जागा वाचते, दुसऱ्यात वेळ. एवढंच ठरवायचं होतं. पण भाऊजींना हा विषय कॉलेजात ठेवून घरी येता येत नसे. पवनारला जाताना बस, येताना ऑटो, आणि दोन्हीची वेळ वहीत. आमच्याकडे पोहे एका कढईत दोनदा करावेत की दोन कढयांत एकदाच, यावर ते इतकं बोलले की माझ्या बायकोने झाराच त्यांच्या हातात दिला. त्यांनी आनंदाने दोन कढया चढवल्या आणि दोन्हींतले पोहे करपवले.

नऊ प्रकरणं लिहून झाली होती. दहावं, निष्कर्षाचं, काही केल्या होईना, कारण रोज एक नवी तुलना सुचायची. त्यांचे मार्गदर्शक पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्याआधी प्रबंध गेला नाही तर सगळं पहिल्यापासून. त्यातच माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, केळझरला ठरलं आणि पंगतीची व्यवस्था भाऊजींनी मागून घेतली. दहा वाढपी, प्रत्येकाकडे एकच पदार्थ, एकामागे एक. रांग अशी सुटली की मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. पण तुपाची तपेली माझ्या मामांकडे होती, आणि समोरच्याचं गाव, आडनाव, नातं विचारल्याशिवाय मामा धार सोडत नाहीत. मागे पोळी, भाजी, बुंदी सगळे खोळंबले. व्याही नुसत्या वरणभातापुढे हात आवरून बसले. भाऊजी मोबाइलवर वेळ मोजत होते.

"भाऊजी, मामांना हलवा," मी काकुळतीला आलो.

"थांब ना बापा. सर्वांत सुस्त टप्पा जसा चालते, तशीच सारी रांग चालते. हेच तं मी लिहून राह्यलो."

शेजारी भाजीची बादली घेऊन ताई, म्हणजे त्यांची बायको, ताटकळत होती. ती शांतपणे म्हणाली, "मंग तुमचं दहावं प्रकरण काऊन अडलं? तुमच्या रांगेतले मामा कोण आहे, ते पाहा एकदा."

भाऊजींनी मोबाइल खिशात घातला. मामांच्या हातातली तपेली घेतली आणि कोणाला काही न विचारता पंगतभर तूप वाढलं.

चार दिवसांत प्रकरण झालं. जागा कमी तिथे एक कप्पा, घाई तिथे दहा. प्रबंध मार्गदर्शकांच्या निवृत्तीआधी गेला आणि यथावकाश पदवीही मिळाली. "हे तं मी पहिल्याच वर्षी सांगतलं असतं," ताई म्हणाली, पण पेढे तिनेच वाटले.

परवा डॉक्टरसाहेब घरी आले. मी मुद्दाम दोन कप पुढे ठेवले, एक आल्याचा, एक वेलचीचा. त्यांनी जवळचा उचलला, संपवला. कसा झालाय विचारलं तर "चांगला आहे" म्हणाले आणि कॉलेजच्या बदल्यांबद्दल बोलू लागले. दुसरा कप तिथेच निवत गेला. ज्या खोडीची मी अकरा वर्षं टिंगल केली, तिच्यासाठी मला चक्क वाईट वाटलं. भाऊजी समोर बसले होते, आणि मला त्यांची फार आठवण येत होती.