गास्पारने दाखवलेलं पाणी

पाहुणा आला की आजीचं तोंड धुऊन, चांगला झगा घालून तिला पुढे आणायचं, ही आमच्याकडची रीत. तळ्यालाही आम्ही आजीच म्हणतो. म्हणून राजधानीतून इलियानाबाई पाणी तपासायला पहिल्यांदा आल्या, तेव्हा होडीवाल्या गास्पार रात्झानने जे केलं ते कुणीही केलं असतं. बाई नव्या होत्या, दुपारचा वारा सुटायच्या आत परतायची घाई होती. जागा त्यांनी होडीवाल्यावरच सोडली. गास्पारने होडी थेट पलीकडच्या काठावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी नेली. तिथे खडकातून गार झरा फुटतो. बाटलीत काचेसारखं पाणी भरलं आणि त्याची छाती फुगली. दर तीन महिन्यांनी एकदा, अशी नऊ वर्षं गेली. जागा तीच.

इकडे गावची गटारं आणि वरच्या शेतांतलं खत गावासमोरच्या पाण्यात उतरत होतं. पाणी हिरवं, दाट झालं, घाण मारू लागलं. गास्पारची बायको चोना कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लव्हाळी कापायची, चटया विणायची. दुसरं काम तिला येत नव्हतं. लव्हाळी मुळापासून कुजायला लागली आणि तिच्या पायांना फोड आले.

गावाने सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र मागितलं. उत्तर आलं: पाण्यातली खतद्रव्यं कायद्याच्या मर्यादेत आहेत, तळं उत्तम आहे, केंद्राची गरज नाही. सकाळच्या पहिल्या बसने गास्पार राजधानी गाठून बाईंसमोर उभा राहिला आणि सगळं कबूल केलं.

बाई म्हणाल्या, "दादा, आता तीच जागा कायम झालीय. नवी धरली तर पाच वर्षांचे आकडे पुन्हा जमवायला लागतील. तोवर कागदावर तळं चांगलंच."

"मग हे खोटं नाही का, बाई?"

"एकही आकडा खोटा नाही. तुम्ही नेलंत तिथलं पाणी खरंच चांगलं आहे."

कायद्याचं काय जातं? त्याला झऱ्याचं पाणी मिळालं, आता गाव हिरवं पिईना का. वर बाईंनी मायेने नकाशा उघडून दाखवला. त्या जागेला त्यांनी पहिल्याच वर्षी गास्पारचं नाव दिलं होतं.

तो परतला तेव्हा नकाराचं पत्र नगरपालिकेच्या भिंतीवर लागलं होतं. चोनाला वाचता येत नाही. ती त्याला ओढतच तिथे घेऊन गेली.

"वाचा की हो. कुठलं पाणी तपासलं मेल्यांनी? जागा लिहिलीय का?"

तिसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत छापलं होतं: नमुन्याची जागा, गास्पार.

"नाही लिहिलेली," तो म्हणाला.

"कशाला लिहितील? पैसे खाऊन दाखवलं असेल कुणीतरी हरामखोराने," चोना म्हणाली आणि पायांना फडकी गुंडाळून लव्हाळी कापायला पाण्यात उतरली.