नंदाबाईंची पहिली रांग

नंदा ओव्हाळ यांच्या कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडले गेले, त्या दिवसापासून पर्वती पायथ्याच्या घरात त्यांना वाकण्याचीच काय, चालण्याचीही बंदी झाली. बंदी डॉक्टरांची नव्हती, पतीची होती. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या संभाजीरावांनी आपला सारा बटवडा आता पत्नीच्या खुर्चीकडे वळवला होता: पाणी, वर्तमानपत्र आणि सकाळ-संध्याकाळ स्वहस्ते वळलेला डिंकाचा लाडू. हाडे मजबूत झाली की नाही, कोण जाणे. दोन वर्षांत नंदाबाईंनी चांगलेच बाळसे धरले.

पाय मात्र बसल्या जागी ठेका धरत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत महिलांच्या लेझीम पथकाची पहिली रांग वर्षानुवर्षे त्यांची होती. यंदा तिथे उभे राहता येईल का, एवढेच विचारायला त्या जानेवारीत सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी नवा एमआरआय न्याहाळला. "जोड पक्का आहे. पण तो हलत नाही, म्हणून त्याचं काम वरच्या सांध्यावर पडतं. शेजारचा रजेवर गेला की फायली कुणाच्या टेबलावर येतात? तिथली गादी थोडी झिजू लागली आहे. वयाला इलाज नाही. तंबाखू?"

"छे हो!"

"वजन बारा किलो वाढलंय. चालता किती?"

"मी चालूच देत नाही," संभाजीराव अभिमानाने म्हणाले. "वर रोज दोन लाडू. साजूक तुपातले."

"म्हणजे त्या सांध्यावर ओझं आपणच चढवताय. मार्केट यार्डातला हमाल परवडला. तो निदान उतरवतो तरी."

नंदाबाईंना हसू आवरेना. "मग लेझीम?"

"रोज चाला, पोटापाठीचे व्यायाम शिका. मार्चअखेर बघू."

त्या चालल्या. आधी कोपऱ्यापर्यंत, मग स्वारगेटपर्यंत. मागून धापा टाकत संभाजीराव. मार्चअखेर निकाल लागला: पावले टाका, पण कमरेत वाकायचे नाही. आनंदाच्या भरात त्या थेट सरावालाच पोचल्या. तिथे रांग खाली वाकली आणि त्या एकट्या बुजगावण्यासारख्या ताठ राहिल्या.

"मी आपली मागे उभी राहते गं," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

शिट्टी वाजवणारी सोनाली उसळली. "मावशी, तुम्ही मागे? मग पुढे कोण, माझी सासू? वाकायचा प्रकारच काढून टाकू. लेझीम डोक्यावर, दोन पावलं पुढे!"

चौदा एप्रिलला ढोल घुमले. शेजारच्या पथकातली एक बाई ओरडली, "काय गं, यंदा वाकत नाही?"

"ज्यांना हौस त्यांनी वाकावं!" सोनालीने शिट्टी तोंडातून काढून उत्तर दिले आणि पुन्हा फुंकली.

साऱ्या लेझिमा एकदम वर गेल्या. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, नंदाबाई घामाने निथळत होत्या आणि खुदखुदत होत्या. "अगं, सावकाश!" संभाजीराव पदपथावरून ओरडत होते, पण ढोलांपुढे त्यांचे कोण ऐकतो? शेवटी त्यांनीही टाळ्यांचा ठेका धरला.