भैरवी कापली त्या दिवशी

मी भुताखेतांवर हसणारा माणूस. आमच्या सौंसरमधे कोणी म्हटलं, अमक्या चिंचेखाली काहीतरी दिसलं, तर मी पहिले विचारायचो — किती झाली होती? त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटून राहिली आहे. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं...

मी साउंड रेकॉर्डिस्ट. भोसल्यांच्या काळातल्या एका किल्लेदारावरचं जुनं संगीत नाटक आहे, त्याचा पिक्चर बनवत होतो आम्ही. गाण्यांसाठी सौंसरजवळचं एक बंद पडलेलं कापसाच्या जिनिंगचं गोदाम घेतलं. पत्र्याचं, एकच दार. बाहेरचा आवाज आत नको म्हणून पांढुर्ण्याहून कापसाच्या गाठी आणून चारही भिंतींना छतापर्यंत रचल्या. आयडिया माझी. लय मिरवलो मी!

ऑर्गनवर मोहगावचे सोनबाकाका. तरुणपणी हेच नाटक गावोगाव वाजवलेले, आता सत्तरीपार, दम्याचे पेशंट. त्या दिवशी सकाळी अकराला आत आम्ही दोघंच. मोबाइल बाहेर जीपमधे — माझा नियम. काकांच्या पिशवीतली सुपारीची डबी माइकमधे खडखडत होती, म्हणून पिशवीही मीच जीपमधे ठेवायला लावली. दम्याचा पंप त्याच पिशवीत होता.

दरबाराचं पद झालं. काकांनी लगेच भैरवीचे सूर धरले.

"काका, भैरवी राहू द्या. पिक्चरमधून कापली."

"कोणं कापली?"

"मीच डायरेक्टर मॅडमला सुचवलं. लांबते हो फार."

काकांनी पट्ट्यांवरचे हात उचलले. "अरे बापू, भैरवी झाल्याबिगर नाटक सुटत नाही. जागेवरून कोणी उठत नाही. मी तं कधीच उठलो नाही."

"हे नाटक थोडंच आहे!" मी हसलो, उठून दाराशी गेलो आणि दार ढकललं.

उघडलं नाही.

त्या दाराला कडीच नव्हती, नुसतं लोटून ठेवायचो. खांदा लावला, लाथा मारल्या, बोंबललो. आवाज कापसात जिरून जाय. बाहेर लाल दिवा चालू — लाल दिवा असला की आत कोणी यायचं नाही, हाही नियम माझाच. आपल्याच हातानं बांधलेल्या पेटीत मी! पंखा बंद, पत्रा तापलेला. काका खाली बसले, मग आडवेच झाले. छाती भात्यासारखी वरखाली. "पंप..." म्हणाले. माझ्या शहाणपणापायी माणूस माझ्यासमोर मरून राहिला, एवढंच डोक्यात.

काकांनी माझा हात धरला. "म्हण ना बापू... तुले येते. रोज तं ऐकतं, हेडफोन लावून."

मी? शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे! पण काकांचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हटली भैरवी. रडत, बेसूर. ऑर्गनची साथ होती म्हणून निभलं... सूर सुटला की तो मला धरून आणायचा. पद संपलं तशी अंगावर हवा आली. दार उघडं होतं.

काकांना उचलून जीपकडे पळालो. पंप दिल्यावर हळूहळू तोंडावर रंग आला. दारासमोर खुर्ची टाकून बसलेला लाइटमन घाबरून मागे आला. "दार तं उघडंच होतं भाऊ! तुम्ही दोघं बसून दिसून राहिले होते, लाल लाइट होता, म्हणून मी चूप."

मशीन चालूच राहिलं होतं, ते रेकॉर्डिंग लावलं. लाथा नाहीत, बोंब नाही. माझी बेसूर भैरवी आणि मागे ऑर्गन, बस्स.

मॅडमशी भांडून भैरवी पिक्चरमधे परत घेतली. मग मोहगावला जाऊन काकांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"काका, तुमचं डोकं तं माझ्या मांडीवर होतं. मग ऑर्गन कोणं वाजवला?"

काका दचकले. "मले कुठं शुद्ध होती! मी तं समजलो, तूच वाजवून राहिला!"

मला ऑर्गनवर साधा सा सापडत नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा, मला आजही कळलेलं नाही. फक्त आता कुठंही गाणं रेकॉर्ड करायला बसलो की वाजवणाऱ्याची पिशवी त्याच्या पायाशी असते, आणि भैरवी झाल्याशिवाय मी उठत नाही.